तिळशर्करा पाठवणारा फितूर? यादवीतली सरदारी पत्रे वाचताना

प्रश्न मिरज तालुक्यातून आला आहे. माळ्यावरच्या जुन्या पेटीत, रुमालात बांधलेले त्रेचाळीस कागद सापडले. घरातल्या लेकीने मोडी शिकून त्यातले काही लावले. त्यावरून कळले ते असे: पूर्वज मिरजेचे सरदार गोपाळराव पटवर्धन यांच्या पथकात शिलेदार होते, आणि ज्या हिवाळ्यात राघोबादादांची फौज मिरजेवर आली, त्याच हिवाळ्यात दादांच्या लष्करात असलेल्या मेहुण्याशी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याशी, त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. एका पत्रात पूर्ण मानाचा मायना लिहून संक्रांतीची तिळशर्करा पाठवल्याचे आहे, दुसऱ्यात 'फितवा' हा शब्द आहे, तिसऱ्यात 'राजकारण'. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, बदनामीचे कागद आहेत, कृष्णेत सोडून द्या. पूर्वज फितूर होते का आणि हे कागद ठेवावेत का, असे दोन प्रश्न आहेत. सोबत चार कागदांचे फोटो आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते घाईचे आहे. कागद नदीत सोडू नका. वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत तरी रुमाल तसाच बांधून ठेवायला सांगा. गेली तीस वर्षे सांगली, मिरज, तासगाव, वाई या पट्ट्यातल्या घरांमधले मोडी कागद मी वाचते आहे. लाजेपोटी टाकून दिलेल्या रुमालांच्या हकिगती मी इतक्या ऐकल्या आहेत की आता ऐकवत नाहीत. त्यातले बरेच कागद लाजेचे नसणारच, अशी माझी खात्री आहे. ते कुणी नीट वाचलेच नव्हते.

आता पहिला प्रश्न. फोटोतल्या चार कागदांवरून तुमचे पूर्वज फितूर होते असे म्हणता येत नाही. उलट एका कागदावर मला असे काही दिसते आहे, ज्यावरून ते फार सांभाळून वागणारे गृहस्थ असावेत. पण तिथवर यायला थोडी वाट चालावी लागेल, कारण यादवीतले पत्र हे परमुलखाच्या शत्रूला लिहिलेल्या पत्रासारखे वाचता येत नाही.

त्या नऊ महिन्यांत काय घडले ते आधी नीट लावून घ्या. १७६१ च्या जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांना साताऱ्याहून छत्रपती रामराजांकडून पेशवाईची वस्त्रे मिळाली. कारभार चुलत्यांच्या, रघुनाथरावांच्या हाती. सव्वा वर्षात दोघांचे फाटले. १७६२ च्या नोव्हेंबरात आधी घोडनदीवर आणि मग १२ तारखेला आळेगावाला चुलत्या-पुतण्यांच्या फौजा एकमेकींवर पडल्या. कार्तिक वद्य पक्ष होता, आळंदीच्या यात्रेचे दिवस. दादांच्या पाठीशी निजामअली होता. माधवराव स्वतः उठून चुलत्यांच्या गोटात गेले. तिथून पुढे पेशवे माधवरावच, पण नजरेखाली, आणि कारभार सगळा दादांचा. मग दादा पुतण्याच्या बाजूच्या सरदारांवर वळले. भवानराव प्रतिनिधींचे पद काढून घेतले. मिरजेवर फौज आली आणि १७६३ च्या फेब्रुवारीत मिरजेचा किल्ला पटवर्धनांच्या हातून गेला. गोपाळराव निजामाकडे गेले. त्याच उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. नागपूरकर जानोजी भोसले तेव्हा निजामाच्याच बाजूला होते. १० ऑगस्टला गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाचा मोड झाला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला, आणि त्या गर्दीत अडकलेल्या दादांना सोडवून आणले ते माधवरावांनीच. त्यानंतर कारभार माधवरावांकडे आला, मिरज पटवर्धनांना परत मिळाली, प्रतिनिधिपद भवानरावांना परत मिळाले, आणि पुढच्याच वर्षी हैदरावरच्या कर्नाटकच्या स्वारीत गोपाळराव पेशव्यांच्या फौजेत आघाडीला होते.

आता सांगा, या नऊ महिन्यांत फितूर कोणाला म्हणायचे? मिरजेच्या तटावरच्या शिलेदाराला खंदकापलीकडे दिसत होती ती 'श्रीमंतांची' फौज. पेशवे त्या छावणीत, शिक्का पेशव्यांचा. आणि त्याचा स्वतःचा धनी त्याच श्रीमंतांच्या निष्ठेपायी अंगावर वेढा ओढवून बसलेला. दोन्ही बाजू एकाच धन्याचे नाव घेऊन भांडत होत्या. अशा वेळी 'पलीकडे पत्र लिहिले' एवढ्यावरून माणूस मापता येत नाही. पलीकडे म्हणजे तरी कोण? बहिणीचा नवरा, मामेभाऊ, एका पंगतीला जेवलेले, पानिपताच्या आधी एकाच लष्करात मुक्काम केलेले लोक.

त्यामुळे असल्या पत्रात 'काय लिहिले आहे' हे मी सगळ्यात शेवटी पाहते. आधी पाहते हा कागद नक्की आहे काय.

तुमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, म्हणून जरा थांबून सांगते. घरातल्या रुमालात साधारणपणे आलेली पत्रे असतात. पाठवलेली पत्रे ज्याला पाठवली त्याच्या घरी जातात. मग तुमच्या पूर्वजांनी मेहुण्याला लिहिलेले तिळशर्करेचे पत्र तुमच्याच घरी कसे? चारच शक्यता आहेत. तो मसुदा असेल, म्हणजे आधी कच्चे लिहून मग साफ करायचे ठरवलेला कागद. किंवा पाठवलेल्या पत्राची नक्कल ठेवली असेल. किंवा पत्र तयार झाले पण गेलेच नाही. किंवा जासूद, म्हणजे पत्र पोहोचवणारा निरोप्या, वाट न मिळाल्याने ते घेऊन परत आला. तुमच्या फोटोत दोन ठिकाणी मजकूर आडव्या रेघेने खोडलेला आहे, एके ठिकाणी ओळीच्या वर बारीक अक्षरात शब्द घातला आहे. मानाचा मायना लिहून खाडाखोड केलेला कागद त्या काळी कोणी पाठवत नसे. कागदावर लखोट्याच्या अरुंद घड्याही दिसत नाहीत, नुसती मधोमध एकच घडी आहे, ती रुमालात ठेवताना पडलेली. मागच्या बाजूचा फोटो नाही, पण मला वाटते तिथे पैवस्तीची नोंद नसणार. म्हणजे हा मसुदा. 'पाठवले' हे आपण गृहीत धरले होते, कागद तसे म्हणत नाही.

पैवस्ती म्हणजे पत्र पोहोचल्याची नोंद. ज्याच्याकडे पत्र आले त्याचा कारकून पाठीवर किंवा माथ्यावर 'पै॥' लिहून पुढे पोहोचल्याचा चांद, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, टाकत असे. नवशिके लोक ही नोंद हमखास सोडून देतात, कारण ती आडवीतिडवी, घाईच्या अक्षरात असते आणि मजकुराचा भाग वाटत नाही. युद्धकाळातल्या पत्रात मला ती मजकुराइतकीच मोलाची वाटते. पत्र लिहिले कधी आणि पोहोचले कधी, यातले अंतर म्हणजे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला एकाच वेळी काय माहीत होते त्याचे माप. आळेगावाहून मिरज दोन-अडीचशे किलोमीटर आहे. माधवराव चुलत्यांच्या गोटात गेल्याची बातमी मिरजेला पोहोचेपर्यंत मधल्या दिवसांत लिहिलेली पत्रे जुन्याच जगातली आहेत. त्या दिवसांतले एखादे पत्र 'दादांशी लढायचे' म्हणत असेल आणि आठवड्यानंतरचे 'श्रीमंतांची भेट घ्यावी' म्हणत असेल, तर मधल्या काळात माणसाने रंग बदलला असे नाही. बातमी आली, एवढेच.

तारखांचे सांगते, कारण तुमच्या लेकीने तिळशर्करेच्या पत्राला 'बहुधा १७६४' असे लिहिले आहे आणि तिथे एक वर्षाची चूक आहे. चूक करणे साहजिक आहे, मजकुरात वर्षच नाही. सरदार, शिलेदार आपसात लिहिताना बहुतेक वेळा नुसता चांद टाकत, वर्ष लिहीत नसत. फोटोत चांद स्पष्ट आहे, 'छ २६ जमादिलाखर'. आणि मजकुरात संक्रांत आहे. या दोन गोष्टी मिळाल्या की वर्ष सापडतेच. संक्रांत सूर्यावर चालते आणि मुसलमानी महिना चंद्रावर, त्यामुळे संक्रांतीचा चांद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी पुढे सरकतो. त्या काळी संक्रांत आजच्यापेक्षा चारेक दिवस आधी, जानेवारीच्या दहा तारखेच्या आसपास यायची. १७६२ साली ती जमादिलाखरच्या मध्यावर पडते, १७६३ साली त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्याकडे, आणि १७६४ साली महिना उलटून रजबचा पहिला आठवडा लागलेला असतो. म्हणजे २६ जमादिलाखरला संक्रांतीची तिळशर्करा असेल तर साल १७६३. मिरजेचा किल्ला पडायच्या तीन आठवडे आधी. एका वर्षाच्या फरकाने सगळा अर्थ बदलतो. १७६४ चे असते तर यादवी संपून सगळे पुन्हा एका फौजेत आले होते आणि ते पत्र म्हणजे साधी सणाची आठवण ठरली असती.

जिथे सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांतली जुनी सालगणना, दिलेला आहे तिथे तो अरबी आकड्यांच्या नावांनी, अक्षरांत असतो. सलास सितैन मया व अलफ म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६३. सन मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६३ हे १७६२-६३. शालिवाहन शक १६८४, चित्रभानु संवत्सर. इथे एक सावधगिरी. मोडीत 'सितैन' (साठ) आणि 'सबैन' (सत्तर) घाईच्या हातात फार जवळ येतात. सुरुवातीच्या काळात मी एका घरच्या पत्रातले 'सबा सितैन' हे 'सबा सबैन' असे वाचले. दहा वर्षांचा फरक. पत्रात 'दादासाहेब' होते. १७७६-७७ साली दादा इंग्रजांच्या आश्रयाला होते, म्हणून मी ते सगळे पत्र इंग्रजांच्या संदर्भात लावून त्या घरी लिहून दिले. खरे साल होते १७६६-६७, जेव्हा दादा उत्तरेच्या स्वारीवर होते. दीड वर्षाने त्याच कागदाच्या पाठीवरची पैवस्ती उलटून पाहिली, तिथे 'सितैन' स्वच्छ होते. त्या घरच्या आजोबांनी तोवर पूर्वजांच्या इंग्रजांशी असलेल्या संधानाची गोष्ट सगळ्या भाऊबंदांना सांगून झाली होती. मी पुन्हा जाऊन माफी मागितली आणि नवे वाचन दिले. तेव्हापासून कागदाच्या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय मी साल सांगत नाही, म्हणून तुम्हालाही मागचे फोटो मागते आहे.

आता मायना. 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री... गोसावी यांसी' असा मायना पाहून तुम्हाला वाटले की शत्रूपक्षाच्या माणसाला एवढा मान कशासाठी. मायना दरजावर आणि नात्यावर ठरायचा, त्या वेळच्या रागलोभावर नाही. कोणाला 'तीर्थस्वरूप', कोणाला 'चिरंजीव', कोणाला 'राजश्रिया विराजित', कोणाला नुसते 'राजश्री', याच्या रीती कारकुनाच्या हातात बसलेल्या असत. बहिणीच्या नवऱ्याला मान देऊनच लिहायचे. वेढा पडला म्हणून नाते उतरत नाही. खरी गोष्ट कळते ती मायना बदलला तर. त्याच मेहुण्याला १७६१ साली लिहिलेले किंवा त्याच्याकडून आलेले पत्र रुमालात असेल तर दोन्ही मायने शेजारी ठेवा. लांब मायना आखडून 'राजश्री' वर आला, शेवटचे 'लोभ असो दीजे' गळून नुसते 'हे विनंती' राहिले, तर समजा की मने दुरावली होती. मी पाहिलेल्या पटवर्धनी कागदांत तरी दुरावा असाच दिसतो, शिवीगाळीतून क्वचितच.

मजकुराविषयी एक मोठी गोष्ट ध्यानात ठेवा. यादवीत प्रत्येक पत्राला दोन वाचणारे असतात. एक ज्याला लिहिले तो, दुसरा वाटेत धरणारा. जासूद जोडीने जात, म्हणजे एक अडला तर दुसरा निघावा. तरी चौकी-पहाऱ्यांत जोडीच्या जोडी धरली जायची आणि लखोटा भलत्याच गोटात फुटायचा. हे लिहिणाऱ्याला पक्के माहीत असे. म्हणून खरे काम असलेल्या पत्रात बहुधा काहीच नसते: कुशल लिहिले, पावसापाण्याचे लिहिले, आणि शेवटी 'तपशील अमुक मुखजबानी सांगतील त्यावरून कळेल'. पत्र ही नुसती ओळख. निरोप जासुदाच्या पोटात. याच्या उलट, ज्या पत्रात भरभरून मसलत लिहिलेली असते ते कधीकधी धरले जावे म्हणूनच लिहिलेले असते. शत्रूच्या छावणीत एकमेकांविषयी संशय पेरायचा असेल तर याहून स्वस्त हत्यार नाही. तेव्हा तुमच्या रुमालात एखादे फारच बोलके पत्र निघाले तर आनंदून जाऊ नका. ते कोणाच्या हाती पडावे असे लिहिणाऱ्याला वाटत होते, हे आधी विचारा.

'राजकारण' या शब्दावरून घरात गैरसमज झाला आहे तो दूर करते. अठराव्या शतकातल्या पत्रात राजकारण म्हणजे गुप्त बोलणे, आतून चालवलेली मसलत. ते फितुरीचेही असू शकते आणि तहाचेही. तहाचे बोलणे कोणीतरी दोन्हीकडे नाते असलेल्यानेच करायचे असते. वेढ्याच्या वेळी अशा सोयऱ्या-धायऱ्यांवरच कौल (अभयाचे वचन), बोलभाष, माणसे सुखरूप बाहेर काढणे ही कामे येत. तुमच्या तिसऱ्या कागदात वाक्य पुरे दिसत नाही, फोटोच्या कडेला कापले गेले आहे, म्हणून त्यावर मी आज काही बोलत नाही. दुसऱ्या कागदातला 'फितवा' मात्र मला पुरता लागला. लेकीने 'फितवा केला' असे वाचले आहे, तिथे 'फितवा आहे ऐसी आवई' असे आहे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत, बोरू पुन्हा शाईत बुडवेपर्यंत उचलला जात नाही. त्यामुळे ही चूक कोणाचीही व्हावी अशी आहे. ते पत्र तुमच्या पूर्वजांना आलेले आहे, त्यांनी लिहिलेले नाही, आणि लिहिणारा कळवतो आहे की पथकात फितव्याची आवई उठली आहे. आवई म्हणजे उडती बातमी. आपल्या माणसाला सावध करणारे पत्र आहे ते.

मग फितुरी सिद्ध कशाने होते, असे तुम्ही विचाराल. पत्राने क्वचित होते. सनदेने, कौलाने आणि हिशेबाने होते. किल्ला पडण्याआधीच्या तारखेची दादांकडची एखादी सनद, इनामाचा कागद, किंवा 'तुम्ही निर्वेध येणे' असा अभयाचा कौल तुमच्या पूर्वजांच्या नावे निघाला, तर मला बोलणे बदलावे लागेल आणि मी ते तसे लिहून देईन. पण त्याच्याही वरचा साक्षीदार म्हणजे धन्याची वही. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन चाकरीला असतो, स्वारीआधी त्याला नालबंदी, म्हणजे तयारीची आगाऊ रक्कम, मिळते, स्वारीत रोजमुरा, म्हणजे खर्चाचा भत्ता, मिळतो. तुमच्या रुमालात लांबट, आकड्यांचे, कंटाळवाणे दिसणारे जे कागद आहेत (तुम्ही त्यांचे फोटो पाठवले नाहीत, कोणीच पाठवत नाही) त्यांत १७६४ च्या कर्नाटकच्या स्वारीची नालबंदी आहे का ते पाहा. असेल तर गोपाळरावांनी परत आल्यावर या माणसाला पुन्हा पथकात घेतले. ज्याची मिरज गेली त्याने ज्याला फितूर मानले नाही, त्याला आपण कोणत्या तोंडाने मानायचे?

कागद खोटे असतील का, असाही प्रश्न मनात येईल. मसुदे आणि नालबंदीच्या याद्या खोट्या करायला कोणाला सवड नसते. खोटे कागद असतात ते सनदा-वतनांचे, कारण त्यावर जमीन मिळते. पत्रांवर शिक्का नाही म्हणून घाबरू नका, घरगुती पत्रावर तो बहुधा नसायचाच. जिथे शिक्का असतो तिथे मजकूर संपल्यावर 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सुद' उमटवलेले दिसते, म्हणजे त्यापुढे कोणाला ओळ वाढवता येऊ नये. कागदाचे तुकडे चिकटवून लांब पत्र केले असेल तर जोडावर शिक्का, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. नारायणरावांच्या खुनासाठी 'ध चा मा' केल्याची जी गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे, ती खरी की रचलेली हे बाजूला ठेवा, पण लोकांच्या मनात ती रुजली याचे कारण हेच. एक अक्षर बदलले तर माणूस मरतो, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते.

तुमच्या भागात राहून हा शोध घेणाऱ्याचे एक भाग्य आहे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता पटवर्धनी दफ्तरातली पत्रे निवडत, नकलून काढत बसले आणि १८९७ पासून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला घेतला. नुसती पत्रे नाहीत, मधे मधे त्यांनी घडामोडींचा धागा लावून दिला आहे. पहिल्या भागांतली १७६२-६३ ची पत्रे काढून बसा. तुमच्या कागदातली माणसे, गावे, मुक्काम तिथे भेटतील. कधी तर आपल्या घरातल्या पत्राचे उत्तरच छापलेले सापडते. माझ्या बाबतीत हे दोनदा झाले आहे, आणि दोन्ही वेळा मला काही वेळ बोलता आले नव्हते. पटवर्धनांच्या घरावर यादव्या काही एकदाच आल्या नाहीत. १७७४ मध्ये बारभाई आणि दादा यांच्यात पंढरपूरजवळ कासेगावला लढाई झाली, त्रिंबकराव पेठे त्यात गेले. १७९९ मध्ये तासगावचे परशुरामभाऊ पट्टणकुडीला पडले ते कोल्हापूरकरांच्या फौजेशी लढताना. तुमच्या त्रेचाळीस कागदांत यातलेही काही असू शकते, म्हणून सगळे १७६३ चे समजून वाचू नका.

कागद सांभाळण्याचे थोडक्यात. रुमाल सोडाल तेव्हा कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने पेन्सिलीने, कोपऱ्यात, बारीक आकडे घाला. कोणाच्या शेजारी कोणता कागद ठेवला होता, हीही माहितीच आहे. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. उन्हात वाळवू नका. घडी उलगडत नसेल तर ओढू नका, पावसाळी हवेच्या दिवशी ती आपोआप सैल होते. मोबाइलने फोटो काढताना फ्लॅश बंद, दिवसाचा उजेड, चारही कडा आणि दोन्ही बाजू. मूळ कागद घराबाहेर कोणाला देऊ नका, वाचून देतो म्हणणाऱ्यालाही नाही, मलाही नाही. मी तुमच्या घरी येऊन वाचेन.

आता त्या खोडलेल्या ओळींकडे येते. तिळशर्करेच्या मसुद्याचा फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. पहिल्या खोडीखाली काय आहे ते लागत नाही. दुसऱ्या खोडीत रेघ पातळ आहे आणि अक्षरे खालून दिसतात. बहिणीची खुशाली विचारून झाल्यावर त्यांनी आपल्या घरचे लिहायला घेतले आहे: 'मुलेमाणसे' एवढे स्वच्छ, मग गावाचे नाव, ते मला 'तासगावास' असे वाटते, आणि मग रेघ. वर बारीक अक्षरात त्याच्या बदली घातले आहे, 'येथील सर्व कुशल'. बहिणीच्या नवऱ्याला लिहितानाही, सणाच्या पत्रातही, आपली बायकामुले मिरजेतून कुठे हलवली हे दादांच्या गोटात जाऊ द्यायचे नाही, असे त्यांनी लिहिता लिहिता ठरवले असावे. माझे वाचन बरोबर असेल तर ही रेघ त्यांच्या बाजूने बोलते. पण फोटोवरून मी शपथेवर सांगणार नाही. तो कागद मला मूळचा, खिडकीपाशी, मागून उजेड घेऊन पाहायचा आहे. लेकीला शेजारी बसवा, पहिली खोड आपण दोघी मिळून लावू. आणि नालबंदीचे लांबट कागद त्या दिवशी बाहेर काढून ठेवा.